तीनशे चोपन्ननंतरची शांतता

आमच्या संध्याकाळच्या कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या वर्गात सगळे पंचविशीच्या आतले, आणि त्यांच्यात एक मावशी. कपडे अल्टर करून द्यायचं दुकान चालवणाऱ्या. गळ्यातली मोजपट्टी काढायला विसरून तशाच येऊन बसायच्या. पोरं हसायची; मीही मनातल्या मनात कपाळाला हात लावला होता. वेबसाइट कशी उघडते, फाइल कशी जाते, कशातच त्यांना रस नव्हता. मेलचा धडा कधी, एवढंच विचारायच्या.

मेलचा प्रोटोकॉल, म्हणजे दोन यंत्रांच्या बोलण्याची ठरलेली रीत, मी नाटकासारखा शिकवतो, नाहीतर अर्धा वर्ग जांभया देतो. एक जण पाठवणारा, एक जण मेल घेणारा सर्व्हर. सर्व्हर आकड्यांत बोलतो. दोनशे वीस, म्हणजे मी तयार आहे. पाठवणारा सांगतो मी अमुक, मजकूर अमक्याचा, तमक्यासाठी. दरवेळी सर्व्हर म्हणतो दोनशे पन्नास, ठीक. मग ‘मजकूर देतो’ म्हटलं की तीनशे चोपन्न: दे, ऐकतोय. त्यानंतर सर्व्हर गप्प. जे येईल ते मजकूरच समजतो. एका ओळीत नुसतं एक टिंब आलं की मजकूर संपला. ते टिंब मी टेबलावर बोट एकदा ठोकून दाखवतो. त्यावर दोनशे पन्नास, मिळालं. शेवटी पाठवणारा निरोप घेतो आणि सर्व्हर दोनशे एकवीस म्हणून कनेक्शन बंद करतो.

हे ऐकताना मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. एरवी मोजूनमापून बोलणारी बाई, त्या दिवशी सगळं सांगून मोकळी झाली. यजमान आयुष्यभर एका कंपनीचे मेल सर्व्हर सांभाळायचे. झटका आला, वाचा गेली, अंथरुणाला खिळले. मग एका दुपारी रिकाम्या कोपऱ्याकडे बघत ते स्पष्ट म्हणाले, दोनशे वीस. थोडं थांबून, दोनशे पन्नास. डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या सवयीचे आकडे आहेत, मनावर घेऊ नका. मावशींनी आमच्या कोर्सला नाव घातलं.

“मधे थांबतात ना सर, तेव्हा कोणीतरी बोलत असतं त्यांच्याशी,” त्या म्हणाल्या. “तीनशे चोपन्न म्हणाले आणि गप्प झाले. ऐकताहेत. ते संपलं, की दोनशे एकवीस म्हणून जातील का हे?”

असल्या गोष्टींच्या नादी लागू नका, असं मी शहाणपणाने सांगितलं. पण क्रम बिनचूक होता.

त्यानंतर त्या वर्गाला आल्याच नाहीत, म्हणून एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. गळक्या नळाखाली फडकं. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा. शांततेत एखादा एकटा आवाज झाला तर तेच टिंब ठरेल, हे त्यांनी माझ्याच धड्यातून उचललं होतं. शांतता पडूच नये म्हणून खाटेशेजारी बसून त्या अखंड बोलत होत्या, अस्तराबद्दल, बाह्यांबद्दल, गिऱ्हाइकांच्या कटकटींबद्दल. आवाज पार बसला होता. यजमान मात्र त्यांच्याकडे बघत नव्हते. कोपऱ्याकडे बघत, कान देऊन ऐकत होते. कोपऱ्यात काहीही नव्हतं. तरी तिकडे पाठ करून बसायला मी धजलो नाही.

“उभ्या संसारात मी यांच्याशी एवढं बोलले नव्हते,” त्या म्हणाल्या. “पाणी पिऊन येते. तेवढं तुम्ही बोला.”

मी बोलण्यावरच पोट भरणारा माणूस, पण धड्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. मग वर्ग घेतल्यासारखा मेलचाच धडा सुरू केला. बोलता बोलता मजकूर संपतो तिथपर्यंत आलो, आणि जुन्या सवयीने माझं बोट खाटेच्या दांड्यावर एकदा वाजलं.

“दोनशे पन्नास,” यजमान म्हणाले.

मावशी पाण्याचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आता कोपऱ्यातल्या पाठवणाऱ्याने निरोप घेतला की दोनशे एकवीस, आणि सगळं संपणार होतं. यजमानांचे ओठ पुन्हा हलायला लागले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या अनवाणी आत आल्या, भांडं माझ्या हातात दिलं आणि यजमान आणि तो कोपरा यांच्या बरोबर मधे बसल्या.

“मजकूर माझा आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बायकोचा.”

ओठ थांबले. त्यांची नजर बायकोच्या खांद्यावरून कोपरा शोधत राहिली. मग सावकाश वळली आणि तिच्या तोंडावर येऊन थांबली.

“दोनशे पन्नास.”

“तुमच्यासाठी.”

“दोनशे पन्नास.”

“मजकूर देते.”

“तीनशे चोपन्न,” ते म्हणाले, आणि बायकोकडे बघत ऐकायला लागले.

मावशींना रडू आवरेना. तशातच लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीपासून त्यांनी सुरुवात केली. मी भांडं जमिनीवर टेकवायलाही घाबरत होतो. कोपरा रिकामाच होता. पण तिथे कोणीतरी आपली पाळी यायची वाट बघतंय, असं मला इतकं स्पष्ट वाटलं, की निघताना मी त्या भिंतीपासून लांबून गेलो.

वर्गात आता मी टेबलावर बोट ठोकत नाही. दुपारी मावशींचा डोळा लागावा म्हणून त्यांच्याकडे जाऊन बसतो आणि दोन्ही हात खिशात घालून तोंडाला येईल ते बोलत राहतो. त्या झोपल्या की यजमानांची नजर हळूहळू कोपऱ्याकडे सरकायला लागते. मग मी आवाज चढवतो.