दोनदा आलेली नावं

आमच्या रविवारच्या मंडळाचा एक किस्सा सांगायला बसावं, तर त्याच्या मागून चार निघतात. मंडळ माझं, पण किस्से मलाच अजून नीट समजलेले नाहीत!

मी नांदेडची, शिकले परदेशात. तिथे संशोधन करणारे विद्यार्थी दर आठवड्याला जमतात, एकमेकांना कोडिंग शिकवतात, आपलं काम सगळ्यांना खुलं करतात. तसंच मंडळ लातुरात काढायचं म्हणून मी परत आले. वाटलं होतं, गोल बसू, वाद घालू. पहिल्या रविवारी पाहते तर चाळीस जण रांगेत, समास आखलेल्या वह्या उघडून!

"मॅडम, सिलॅबस?"

"नाही."

"टेस्ट सिरीज?"

"नाही."

"मग आम्ही इथं काय करून राहिलो?"

पुढच्या रविवारी नऊ जण उरले.

त्यांतल्या एक सविताताई. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. पीएच.डी.साठी त्यांनी दोन वर्षं फिरून आपल्या गावाचा तक्ता केला होता: त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेली माणसं आणि आज असलेली, घरोघरची. गाइडने तो परत पाठवला. "नावं दोन-दोनदा आलीत. साफ करून आणा, तरच सही." प्रबंध तेवढ्यावर अडला होता.

मी म्हटलं, "ताई, कोडिंगने दोन मिनिटांचं काम!"

*

सरावाचा पहिला प्रोग्राम लिहून झाला तरी तो चालवायचं 'रन' बटण कुणी दाबेना. अर्धा तास सगळे एकमेकांच्या स्क्रीनशी ताडून पाहत बसले.

"दाबा की!"

देगलूरचा व्यंकट इतिहासात एम.ए. करतो. त्याने हात वर केला. "मॅडम, चुकलं तर मायनस किती?"

"मायनस नसतं. कुठे चुकलं ते मशीनच सांगतं."

व्यंकटने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हणजे, मशीनच कॉपी पुरवतं?"

*

झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर काउंटरवर माझ्याच नोट्स! स्पायरल बायंडिंग करून, वर 'हमखास यश'.

"ह्या कुणाच्या?" मी विचारलं.

"फॉरेनच्या मॅडम हायत. लई हार्ड शिकवतात," दुकानदार म्हणाला. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला न्हाई झेपायचं."

काम सगळ्यांना खुलं करा, हे मीच सांगितलं होतं. रागवायचं कुणावर?

*

आम्हाला खोली दिली होती कदम सरांनी. खाली त्यांचे मेडिकल प्रवेशाचे क्लासेस. एका सकाळी जिन्यावर भलामोठा फ्लेक्स. टॉपर्सच्या मधोमध माझा फोटो, खाली लिहिलेलं: 'निकाल १०० टक्के!'

"सर, अहो, आमच्याकडे परीक्षाच नाही!"

"म्हणून तर शंभर टक्के!"

*

शेवटी ताईंच्या तक्त्याचा रविवार आला. प्रबंध जमा करायच्या मुदतीला आठवडाच उरला होता, म्हणून प्रोग्राम मीच लिहिला. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, हुबेहूब दोनदा असेल तर एक काढायचं. 'रन' दाबलं, एकवीस नावं गेली. मी टाळी वाजवली.

ताई स्क्रीनवरची काढलेली नावं वाचत गेल्या. "मॅडम, ह्याच्यात माझं बी हाय."

"तुमचं दोनदा होतं ना, ताई. सविता माधवराव जाधव. एक ठेवलंय."

"कोणतं ठेवलं?"

"कोणतं म्हणजे? दोन्ही एकच."

"न्हाई. एक माझं, एक बहिणीचं. ती भूकंपात गेली. मी पुढच्या वर्षी झाले. आईनं तेच नाव ठेवलं."

काढलेल्या एकवीस नावांची यादी मी परत वर सरकवली.

"गाइडना सांगितलं नाही?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलंच न्हाई. साफ करा म्हणले. मला वाटलं, मशीनला कळत असंल."

व्यंकटने विचारलं, "आणि बाकीची वीस?"

"ती बी तशीच. आमच्या गल्लीतलेच सात जण हायत. शाळेत आम्ही एका रांगेत बसायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकवीसच्या एकवीस नावं जिथल्या तिथे परत टाकली, तक्ता छापला आणि ताईंना फोन केला. "गाइडकडे मीही येते."

"सही न्हाई दिली तर, मॅडम?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण नावं आहेत तेवढी राहतील."