मागची खुंटी

दव इतकं पडलं होतं, की गवतावरून चाललं तर चप्पल पायातून सुटून मागंच राहावी. आभाळ स्वच्छ होतं, पण ऊन अजून इस्पितळाच्या पाण्याच्या टाकीआड अडकलेलं. ओलं गवत कापायचं नसतं, पात्याखाली त्याचा लगदा होतो. म्हणून नऊ वाजेपर्यंत हिरव्या मावशी हिरवळीवरचे खडे, काटक्या आणि भेटायला येणाऱ्यांनी टाकलेले कागदी पेले वेचत फिरायच्या. त्या शुक्रवारीही फिरल्या. हात खाली वेचत होते, डोळे मात्र मागच्या वॉर्डाजवळच्या चढाकडं.

गवत कापायचं मशीन आज तो चढ चढलं नाही, तर मावशींची त्यावर बसायची जागा जाणार होती.

बाईनं बावीस वर्षं याच इस्पितळाच्या धुलाईघरात काढलेली. वाफ, साबण आणि चादरींचे डोंगर. पाऊस येऊन गेला की नाही, हे दुपारी घरी निघताना रस्ता बघून कळायचं. मग गवत कापणारा म्हातारा माळी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी जायला कुणी तयार होईना. मावशींनी हात वर केला. "बसून चालवायचं आहे ना? मग मी बसते." सगळे फिदीफिदी हसले. मावशींनी आठ दिवसांत माळ्याकडून मशीन शिकून घेतलं. बसायला सीट, हातात स्टिअरिंग, पोटाखाली फिरती पाती. तीन वर्षांत कपड्यांवर गवताचे इतके डाग बसले, की धुलाईघरातल्या मैत्रिणींनीच 'हिरव्या मावशी' हे नाव ठेवलं. वरच्या मजल्यावरचे पेशंट खिडकीतून हात करायचे. मावशी राणीसारखा उलटा हात हलवायच्या.

गेल्या पंधरवड्यात मात्र या राणीच्या रथाला दृष्ट लागली. इंजिन घुमायचं, पाती फिरायची, पण चढाच्या मध्यावर चाकांचा जोरच जायचा. मशीन जागच्या जागी गुरगुरायचं आणि हळूहळू मागं घरंगळायला लागायचं. मावशी ब्रेक दाबायच्या, इंजिन बंद करायच्या, पिशवी घेऊन झाडाखाली बसायच्या, पाणी प्यायच्या. दहा मिनिटांनी उठून सुरू केलं, की तेच मशीन तोच चढ हसत चढून जायचं.

"थंड झालं की चालतं," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं.

इस्पितळाच्या गाड्यांपासून जनरेटरपर्यंत सगळं बघणारा हा मिस्त्री. 'दमानं' हा शब्द त्याच्या तोंडी इतका, की सगळे त्याला दमानं मिस्त्रीच म्हणायचे. थंड झाल्यावर चालतं म्हणजे काहीतरी तापतंय, असं त्यानं धरलं. इंजिनाचा जोर चाकांकडं नेणारा पट्टा काढला, उलटासुलटा करून पाहिला, तरी नवाच चढवला. दुसऱ्या खेपेला मागच्या गिअरपेटीवरच्या पंख्यात अडकलेलं वाळकं गवत खरवडून काढलं, तेलही तपासलं. वर्कशॉपच्या उतरंडीवर स्वतः बसून, पायाशी वजनाला सिमेंटची गोणी ठेवून मशीन दहा वेळा वर नेलं. एकदाही अडलं नाही. मावशींनी सकाळी नेलं, आणि चढाच्या मध्यावर पुन्हा तेच.

अधीक्षक माणूस वाईट नव्हता, पण त्याला हिशेब सरळ लागायचा.

"मावशी, मिस्त्रीकडे चालतं आणि तुमच्याकडे अडतं. मग मी काय समजू?"

"मशीनला विचारा साहेब, मला काय विचारता?"

"शुक्रवारी बघू. अडलं तर गवत बाहेरच्या माणसाला देतो. तुम्ही परत धुलाईत या. तिथं तुमच्याइतकं जाणतं कुणी नाही."

कौतुक होतं ते, पण मावशींना पुन्हा चादरींचे डोंगर दिसायला लागले. घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा निवृत्त पोस्टमन. पंधरा दिवसांपूर्वी बायकोला मूतखडा निघाल्यापासून तिचं पाणी मोजणं हीच त्याची नोकरी झालेली.

"कुठं जायचं ते जा," तो म्हणाला, "पण पाणी संपवून ये."

शुक्रवारी नऊला ऊन टाकीवरून खाली उतरलं, गवत सुकलं, आणि मावशी मशीन काढायला शेडमध्ये गेल्या तर दमानं मिस्त्री तिथं उलट्या बादलीवर बसलेला. हातात ना पाना ना पक्कड.

"आज काही खोलत नाही, वहिनी. आज नुसता बघणार. रोज जे जे करता ते ते करा. मी आहे म्हणून शहाण्यासारखं वागू नका."

"मी रोजच शहाणी असते."

"मग तर सोपंच झालं."

मावशींनी तेल बघितलं, चाकं दाबून पाहिली, सीटवरची धूळ झटकली. डब्याची पिशवी मागच्या खुंटीला अडकवली. बसल्या, निघाल्या. सपाटीवर मशीन लोण्यासारखं गेलं. मिस्त्री बाजूनं, चार हात अंतर राखून चालत होता. चढ लागला. मध्यावर गुरगुर झाली, आणि चाकं मेली.

मावशींनी ब्रेक दाबला. त्यांचे डोळे भरून आले, आणि राग आला तो डोळ्यांचाच.

"दमानं! उठू नका. पाती बंद करा, ब्रेक सोडू नका. इंजिन राहू दे."

पाती थांबल्याची खात्री करून मिस्त्री मागं गेला. वाकून चाकांकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. मग त्यानं पिशवी काढून हातात घेतली.

"आता न्या वर."

मशीन सुरसुर चढून गेलं. मावशी वर थांबून मागं बघतात तर हा गडी चढावर पिशवी छातीशी धरून उभा.

"वहिनी, यात आहे काय?"

"डबा. आणि दोन लिटर पाणी."

"आणि ही कशाला अडकवली होती?"

"खुंटीला. माळीदादा टोपी अडकवायचे तिथं. त्यांनीच दाखवली, ही खुंटी म्हणून."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. ती खुंटी नव्हतीच. बंद मशीन हातानं ढकलायचं असलं, की ती दांडी ओढून चाकं मोकळी करायची. माळ्याला कधी ढकलावं लागलं नाही आणि मावशींनाही नाही, म्हणून दोघांच्या लेखी ती खुंटी. आतली स्प्रिंग दांडीला जागेवर धरून ठेवते, ती वर्षानुवर्षं ताणून थकलेली. टोपीला तिनं दाद दिली नाही, नुसत्या डब्यालाही नाही. पण चढावर दोन लिटर पाणी मागं ओढायला लागलं, की दांडी बोटभर बाहेर यायची आणि चाकं सुटायची. मावशी पाणी प्यायला पिशवी काढायच्या, झाडाखालीच ठेवायच्या, आणि मशीन 'थंड' व्हायचं.

"म्हणजे आमच्या ह्यांच्या काळजीनं गाडी अडली?" मावशी म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना सीटवर नीट बसता येईना.

मिस्त्रीनं तासाभरात नवी स्प्रिंग बसवली. अधीक्षक आला तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, "दांडीची स्प्रिंग गेली होती. माझ्याकडून दोनदा बघायची राहिली."

"आणि पिशवी मी अडकवली होती," मावशी मधेच बोलल्या. दुसऱ्यानं आपली चूक अंगावर घ्यावी, हे त्यांना खपणारं नव्हतं.

अधीक्षकानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "मग दुसरीकडे अडकवा," तो म्हणाला, "आणि मागच्या वॉर्डाची कड राहिली आहे, ती आज घ्या." चालता झाला. बाहेरच्या माणसाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

मिस्त्री हात पुसत निघाला. आभार कसे मानायचे, हे मावशींना सुचेना. धुलाईघरात बावीस वर्षांत कुणी कुणाचे मानले नव्हते.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "तीनदा आलात. एकदाही म्हणाला नाहीत, की बाईला चालवता येत नाही."

"म्हणायचं सुचलंच नाही," तो म्हणाला. "येतं की तुम्हाला."

तो गेला त्या बाजूला मावशी जराशा बघत राहिल्या. हे वाक्य कुठं ठेवावं, ते त्यांना कळत नव्हतं. मग वॉर्डाच्या खिडकीतून कुणीतरी हात केला, यांनीही केला. पिशवी सीटशेजारी पायाशी बसवली, आणि राहिलेली कड घ्यायला मशीन वळवलं.