मागच्या चाकाच्या छत्तीस तारा

मोटारसायकलच्या चाकाला छत्तीस तारा असतात. लोक त्यांना स्पोक म्हणतात. माझे वडील, म्हणजे आमचे नाना, तारा म्हणायचे, म्हणून मीही तारा म्हणतो. मागच्या चाकाच्या या छत्तीसच्या छत्तीस तारा मी दहा वर्षं दर खंडेनवमीला घासल्या, आणि त्यातला एकही दिवस मला आनंदाने आठवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या गाड्या घासूनपुसून चकचकीत करणाऱ्या हौशी लोकांचं हल्ली फार कौतुक होतं. मी हौशी नव्हतो.

नाशिकला मखमलाबाद रस्त्याला आमचा मळा होता. मळ्यात झेंडू आणि शेवंती, बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने वापरून वापरून टाकलेली मोटारसायकल नानांनी घेतली होती. तिच्यावर गोण्या लादून ते नदीकाठच्या फुलबाजारात माल न्यायचे. फुलं कोमेजू नयेत म्हणून गोण्यांवर पाणी मारलेलं असायचं, आणि ते पाणी बाजार येईपर्यंत मागच्या चाकावर ठिबकत राहायचं. त्यामुळे पुढचं चाक ठणठणीत आणि मागचं कायम गंजलेलं.

नानांची तारा घासायची एक रीत होती. सुतळी रॉकेलमध्ये भिजवायची, तारेला एक वेढा द्यायचा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही हातांनी ओढायची. मग पॉलिश पेपर, मग जुन्या ऑइलचं फडकं. शेवटी लहान पान्याने प्रत्येक तार वाजवून बघायची. बाजारात कलिंगड वाजवून घेतात, तसंच. चांगली तार टण्ण वाजते. आतून खाल्लेली किंवा सैल पडलेली तार थप करते. ती बदलायची. एका चाकाला अख्खी दुपार जायची. नुसतं दिसण्यावर नानांचा भरवसा नव्हता.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि सातपूरला एका कारखान्यात कामाला होतो. अष्टमीला पहिली पाळी संपवून घरी आलो, तर नाना आणि आई झेंडू तोडत होते. खंडेनवमीचा बाजार म्हणजे वर्षाचा बाजार. दसऱ्याची तोरणं त्याच फुलांची होतात.

नाना वाफ्यातूनच ओरडले, "उद्या गाडीवर लय माल जायचाय. मागच्या तारा घासून घे. आन वाजवून बघ!"

मला मित्रांबरोबर कालिकेच्या यात्रेला जायचं होतं. फाटक रंगवून उरलेली चंदेरी रंगाची डबी पडवीत पडली होती. मी ब्रश घेतला आणि गंजावरच रंग मारून टाकला. वीस मिनिटांत चाक नवंकोरं. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा खूशही झालो होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते.

तिन्हीसांजेला नाना आले. लांबूनच चाकाकडे बघितलं.

"वाजवल्या का?"

"वाजवल्या."

"ब्येस निघाल्या," नाना म्हणाले. ते कुणाचं कौतुक सहसा करत नसत.

सकाळी फटफटताना गाडी भरली. नेहमी चार गोण्या जायच्या, त्या दिवशी सहा होत्या. आई मागे बसायची, मांडीवर एक गाठोडं घेऊन. ती वीस वर्षं त्या बाजारात बसत होती. तिथल्या बायका तिच्या मैत्रिणी होत्या, आणि गप्पा मारता मारता तोरणं ओवणारे तिचे हात मी बघत राहायचो.

आई गोण्या बघून म्हणाली, "अहो, दोन खेपा करा. गाडी काय बैल हाय का?"

"दुसऱ्या खेपेपर्यंत बाजार उतरतो. बस, चल."

पाण्याच्या पाटाजवळच्या उतारावर मागच्या चाकाच्या तारा एकामागून एक तुटल्या आणि चाक बसलं. गाडी आडवी झाली ती आईच्या उजव्या पायावर. नानांना खरचटलंसुद्धा नाही. आईचा घोटा मात्र नीट जुळलाच नाही. तिला पुन्हा कधी मांडी घालून बसता आलं नाही, आणि फुलबाजारात खुर्चीवर बसून कुणी फुलं विकत नाही. तिचा बाजार सुटला.

गाडी मी मेकॅनिककडे नेली. त्याने चार तुटक्या तारा माझ्या हातावर ठेवल्या. चंदेरी रंग नखाने खरवडला तर आत तार सुईएवढी उरली होती.

"हा रंग कोणी मारला हो? आतून गंज खातोय आन वरून मेकअप."

"काय माहीत," मी म्हणालो.

दवाखान्यात आलो तर नाना बाकावर डोकं धरून बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "हाव केली रे मी. ती सांगत होती, दोन खेपा करा." आणि मला हायसं वाटलं. आई कळवळत होती, बाप स्वतःला कोसत होता आणि मला हायसं वाटलं. माझ्यातल्या या माणसाचं काय करावं, मला अजून समजलेलं नाही.

आधी ठरवलं, आई जरा बरी झाली की सांगू. मग ठरवलं, प्लास्टर निघालं की. मग ती काठी घेऊन चालायला लागली, तेव्हा विषय संपला असं मीच ठरवून टाकलं. विषय घरात रोज जेवायला बसत होता. आई नानांशी सरळ बोलेनाशी झाली. दोन खोल्यांच्या घरात नाना समोर बसलेले असताना ती मला सांगायची, "तुझ्या नानांना म्हणावं, ताट वाढलंय." दरवर्षी दोघं वणीच्या देवीला गाडीवर जोडीने जायची, ते बंद झालं. ती बायकांबरोबर जीपने जायची. नाना फाटकापर्यंत तिची पिशवी घेऊन जायचे आणि पिशवी जीपमध्ये ठेवून परत यायचे. त्यानंतर नानांनी मळ्यात झेंडू लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्या फुलांनी हाव लावली."

गाडी त्यांनी विकली नाही आणि चालवलीही नाही. चाकाला मी सगळ्या तारा नव्या टाकून घेतल्या, पण गाडी गोठ्याच्या ओलीत उभी, त्यामुळे पावसाळा सरला की तारा पुन्हा तांबूस. आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. ज्याने पोट भरलं त्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे, मग ते चालू असो की बंद. म्हणून दरवर्षी मी चाक घासायला बसायचो. रॉकेल, सुतळी, पॉलिश पेपर, सगळं नानांच्या रीतीने. बोटांची सालं निघायची आणि मला ते बरं वाटायचं. जणू तेवढ्याने फिटत होतं.

आई दारात काठी टेकून उभी राहायची. "करा, चाकाची पूजा करा. माझ्या पायाला कोण हळद लावतंय?" नाना खाली बघून अक्षता वाहायचे. दहाव्या तारेला सांगतो, असं मी मनाशी म्हणायचो. मग विसाव्या. छत्तीस संपायच्या, मी हात धुवायचो आणि पुरणपोळी खायचो. अशी नऊ वर्षं गेली.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात आईला ताप आला तो उतरला नाही. शेवटच्या दिवसांत नाना तिच्या पायथ्याशी बसून राहायचे. एकदा त्यांनी तिचा उजवा पाय हळूच मांडीवर घेतला आणि घोटा चेपायला लागले. तिला बोलायचंही त्राण नव्हतं. पण तिने पाय ओढून घेतला. नाना तसेच बसले, रिकामे हात मांडीवर ठेवून. मी दारात उभा होतो. दहा पावलंसुद्धा नव्हती. नुसतं पुढे होऊन "आई, चूक माझी होती" एवढंच म्हणायचं होतं. मी औषध आणायला म्हणून बाहेर पडलो. औषध घरात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्या वर्षी घरात सण नव्हता. तरी खंडेनवमीला सकाळी बघतो तर नानांनी गाडी एकट्याने ओढत अंगणात आणलेली. पूजा नाही, पण गाडी घाण नको, म्हणाले. मी सुतळी घेतली. ते शेजारी पाट टाकून बसले आणि मी घासलेली प्रत्येक तार पान्याने वाजवायला लागले. टण्ण. "ही चांगली." टण्ण. "ही पण." कितवी तार होती ते मी मोजलं नाही. हात थांबले आणि मी सांगून टाकलं. चंदेरी रंग, कालिकेची यात्रा, वाजवल्या म्हणालो ते खोटं, मेकॅनिकने नखाने काढलेला रंग. काही शिल्लक ठेवलं नाही.

नानांनी मान वर केली नाही. पाना तारेला टेकलेलाच होता. त्यांनी माझ्या मुस्काटात मारावी असं मला फार वाटत होतं. चौतिसाव्या वर्षी मी बापाच्या चपराकीची वाट बघत बसलो होतो. ते उठलेही नाहीत. त्यांनी पाना जमिनीवर ठेवला.

"मला काय सांगतो आता," ते म्हणाले. "तिला सांगायचं होतंस."