कैफियतीचा रकाना

निजामाचा अंमल संपल्यावर उर्दू दप्तरं मराठीत उतरवण्याचं काम निघालं, तेव्हा मी तहसिलीत उमेदवार कारकून होतो. काम जोडीनं चाले. म्हातारे मुन्शीजी पहाणीपत्रकाची एकेक ओळ मोठ्यानं वाचत, मी लिहून घेई. सर्व्हे नंबर, मालक, पीक, शेवटी कैफियत. हा शेवटचा रकाना बहुतेक रिकामा असे. त्यामुळे मुन्शीजी ‘कैफियत कोरी’ असं ठेक्यातच म्हणत आणि मी आडवी रेघ मारी.

ताडकळस गावचं दप्तर संपलं आणि बाजारात विधवा मावशी भेटली. तिथलं शेत दिराच्या नावावर, वहिती तिची.

“तू लिवायलायस ना तितं? दीर म्हणायलाय, कागदावर तुजं काईच न्हाई. माझं नाव हाय का न्हाई, एवढंच सांग.”

तिची ओळ मीच लिहिली होती. मालकाच्या रकान्यात दीर, शेवटी रेघ. मी ‘बघतो’ म्हणालो. मूळ दप्तर दुसऱ्या दिवशी परभणीला जाणार होतं.

सकाळी मुन्शीजी त्या दप्तराचा बस्ता बांधत होते. सरळ विचारायचा धीर होईना. मी विचारलं, “कैफियत म्हणजे नेमकं काय?”

ते खूश झाले. “अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसं?’ त्यावरून कैफियत, म्हणजे कसं आहे ते, हालत. शायर मनाच्या हालतीला कैफियत म्हणतो. दारुड्याला चढतो तोही कैफच. तुमच्या मराठीत वकील कोर्टात मांडतो ती कैफियत. आणि पटवाऱ्याला इतर रकान्यांत जे बसत नाही, ते इथं.”

बोलता बोलता त्यांनी गाठ आवळली. मग मी मावशीचं सांगितलं.

“वा, साहेबजादे! मावशीसाठी सरकारी गाठ सोडायची?” ते हसले. “कोरंच असेल.”

“तुम्ही पाहिलं होतं?”

त्यांनी चष्मा पुसला, गाठ सोडली. उर्दू पानाचा शेवटचा रकाना डाव्या कडेला येतो. तिथं बारीक, तिरक्या अक्षरात एक ओळ होती. मला उर्दू वाचता येत नव्हतं. त्यांचं बोट दोनदा तिच्यावरून फिरलं.

“कब्जा बेवा भावजयीचा, सालोसाल. लिहा.”

मी रेघ खोडून लिहिलं. त्यांनी शेजारी सही केली. चूक कुणाची हे आता त्या सहीवरून कुणालाही कळणार होतं. नोकरीची त्यांची दोनच वर्षं उरली होती.

बाहेर गाडीवाला हाका मारत होता. मुन्शीजींनी बस्ता बांधला नाही. पहिलं पान वर काढलं आणि मला म्हणाले, “तहसीलदारांना सांगून या, दप्तर आज जात नाही. बाकीच्यांच्या मावश्या कुठं आल्यात विचारायला?”