अक्कांचा फसलेला प्रयोग

माझ्यावर ज्यांचे सगळ्यांत जास्त उपकार आहेत त्या डॉ. इंदुमती झांबरे, आमच्या इंदुअक्का, गेल्या महिन्यात धुळ्याला देवपुरातल्या राहत्या घरी वारल्या. त्यांच्या भाचीचा, सुषमाताईंचा फोन आला तेव्हा मी जळगावात ऑफिसचा जिना चढत होतो. "अक्का गेली रे प्रल्हाद," एवढंच त्या बोलल्या, आणि मी तसाच उतरून धुळ्याची बस धरली. पुढे शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, अक्का फार सोशिक होत्या, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या रांगेत होतो. तिथे बोललो नाही, पण इथे लिहितो. अक्का सोशिक नव्हत्या. त्या भांडायच्या, मोठ्या माणसांशी भांडायच्या, आणि बरंच दुखवायच्या. जी बाई जन्मभर भांडली तिला मेल्यावर सोशिक ठरवून टाकायचं, हे मला मान्य नाही.

अक्का मूळच्या सावद्याच्या. वैद्यकीय महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि घराची पुढची खोली त्यांनी कागदांना देऊन टाकली. आरोग्यावरचं पुष्कळ काम नियतकालिकांत छापून येतच नाही. संस्थांचे अहवाल, विद्यार्थ्यांचे प्रबंध, शिबिरांचे वृत्तांत, ग्रामीण रुग्णालयांची महिन्याची माहिती, हे सगळं जिथल्या तिथे पडून राहतं. अभ्यासक त्याला ग्रे लिटरेचर म्हणतात. अक्का म्हणायच्या, "कपाटातलं." मी सावद्याजवळच्याच खेड्यातला. वडील केळीचे घड वाहायचे, आई निंदायला जायची, अजून जाते. घरातला पहिला पदवीधर मी. जळगावच्या एका संस्थेत संशोधन सहायक म्हणून लागलो आणि पहिलंच काम आलं ते उन्हाचं. आपल्याकडच्या शेतमजुरांना उन्हाचा काय त्रास होतो, त्यावर कोणते उपाय चालले आणि कोणते नाही, याबद्दल आजवर जे लिहिलं गेलं ते सगळं गोळा करून तपासायचं होतं. त्यावरून एक समिती येत्या उन्हाळ्यात मजुरांसाठी काय करायचं ते ठरवणार होती. कुणीतरी अक्कांचं नाव सुचवलं म्हणून छापील लेखांची लांबलचक यादी घेऊन मी देवपूरला गेलो. त्यांनी ती शांतपणे चाळली.

"यात आपल्याकडचं काय आहे?"

"विशेष नाही सापडलं. म्हणजे... पुराव्यावरून तरी आपल्याकडे तसा त्रास दिसत नाही."

अक्कांनी चष्मा काढला. "तू मे महिना कुठे काढतोस रे? काश्मीरला?"

त्या दिवसापासून त्यांनी मला शोधायला शिकवलं. 'उष्माघात' हा शब्द घालून काही हाती लागत नव्हतं, कारण आमच्याकडे कुणाला उष्माघात होत नाही. आमच्याकडे ऊन लागतं, भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ते शब्द घेऊन आम्ही पुन्हा शोधायला लागलो तेव्हा कागद सापडू लागले. कॉम्प्युटरवर थोडे आणि माळ्यांवर जास्त. धुळ्यातल्या एका संस्थेचा म्हातारा शिपाई आम्हाला बघून हसला होता. "बठ्ठा कागद शेतस आठे," म्हणजे सगळे कागद इथेच आहेत, तो म्हणाला, "पन वाचस कोन?" अक्का म्हणाल्या, "मी वाचस ना भाऊ! शिडी दे." आणि त्या वयात खरंच चढल्या. मी खाली शिडी धरून उभा, आणि वरून धुळीबरोबर त्यांचं बोलणं येत होतं. कुणी छापलं नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हे त्यांनी मला तिथेच बजावलं. कुणी लिहिलं, कुणाच्या पैशाने लिहिलं, कुणाला विचारलं आणि कुणाला विचारलंच नाही, हे प्रत्येक अहवालाबाबत शोधायचं. "छापलेलं निदान कुणीतरी एकदा तपासलेलं असतं. हे कुणीच तपासलेलं नाही. म्हणून आपण जास्त तपासायचं, समजलं?"

असंच एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासताना शेवटच्या संदर्भांत एक नोंद दिसली. झांबरे, अप्रकाशित अहवाल. मी मिळेल ती बस पकडून देवपूर गाठलं.

"अक्का, हा तुमचा?"

"माझाच."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर वशिला झाला असता. आता तुझा तू शोधलास. घे आणि तपास."

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी अक्कांनी केळीच्या बागांत काम करणाऱ्या बायांना क्षार-साखरेची पाकिटं वाटली होती. पाण्यात घालून दिवसभर प्यायची. उन्हाळा संपला तेव्हा बहुतेक पाकिटं न फोडता तशीच परत आली. बाया अडाणी आहेत, असं लिहून मोकळं होता आलं असतं. अक्का बांधावर जाऊन बसल्या आणि त्यांनी बायांनाच विचारलं. बायांचं उत्तर साधं होतं. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला आडोसा नाही. आजूबाजूला सगळीकडे माणसं. म्हणून सकाळपासून तहान मारायची. अहवालाचं पहिलंच वाक्य होतं, 'हा प्रयोग फसला.' पाकिटांच्या आधी आडोसा करा, असं अक्कांनी पुढे लिहिलं होतं. देणगीदारांना फसलेलं काय दाखवायचं, म्हणून संस्थेने तो छापला नाही. आणि आता आमची समिती येत्या उन्हाळ्यात काय करायला निघाली होती? पाकिटंच वाटायला.

त्या शनिवारी घरी गेलो तेव्हा आईला विचारलं, शेतात दिवसभरात पाणी किती पितेस? "कायले पेऊ?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "पानी पेलं त जाऊ कोठी?" अक्कांनी लिहिलेलं अगदी हेच होतं.

अहवालात एक उणीव मात्र सापडली. ज्यांना विचारलं त्या सगळ्या एकाच मुकादमाने बोलावलेल्या होत्या, म्हणजे त्याच्या मर्जीतल्या. हे अक्कांना कसं सांगावं... मी चहा संपेपर्यंत चुळबुळत होतो. शेवटी सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मग त्यात तोंड पाडायला काय झालं? लिही. ठळक लिही. माझा म्हणून सोडलास तर बाकीच्यांचे कोणत्या तोंडाने तपासशील?"

समितीची बैठक जळगावात झाली. अध्यक्ष मोठे डॉक्टर, बोलायला गोड. "अहो, हे छापलेलं नाही," अक्कांच्या अहवालाच्या नोंदीवर बोट ठेवून ते म्हणाले. "एका बाईंनी चार बायांशी गप्पा मारल्या, याला पुरावा म्हणायचं का?"

मी म्हणालो, "सर, मी तपासला आहे. उणीवही लिहिली आहे."

शेजारचे सदस्य हसले. "पाकिटांचं सगळं ठरलंय हो. आता संडासांचं कुठे काढता?"

अध्यक्षांनी मला समजावलं. हा भाग काढा, बाकी काम उत्तम आहे, समिती छापणार त्या पुस्तिकेवर तुमचं नाव येणार, तरुण माणसाला पहिलं नाव महत्त्वाचं असतं. सोमवारपर्यंत विचार करा.

छापलेलं नाही म्हणे! मी विचारतो, ते छापणार कोण होतं? ज्यांची पाकिटं परत आली ते? की ज्या बायांना सही करता येत नाही त्या? आधी छापायचं नाही आणि मग छापलं नाही म्हणून मानायचं नाही, हा कुठला न्याय? माझी आई तहानेली राहते, ही गोष्ट खरी ठरायला तिने कोणत्या नियतकालिकाकडे अर्ज करायचा?

अक्का तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या; बैठकीत काय झालं ते सुषमाताईंकडून त्यांना कळलं होतं. फोनवरचं त्यांना नीट ऐकू यायचं नाही, म्हणून तो सोमवार उलटून काही आठवडे झाल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. सुषमाताईंनी ते वाचून दाखवलं आणि फोन लावून दिला. "प्रल्हाद, पत्र ऐकलं. दोनदा ऐकलं," अक्का म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "आता सुतक धरल्यासारखा बसू नको. प्रती कमी पडतील तुला, आणखी काढ." मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. त्यांची तशी पद्धतच होती... तेच आमचं शेवटचं बोलणं. परवा सुषमाताईंनी ते पत्र माझ्याकडे परत दिलं. जसं आहे तसं इथे देतो.

ती. अक्का यांस,

सा. न. वि. वि.

त्या सोमवारी मी कळवून टाकलं, तो भाग काढणार असाल तर माझं नावही काढा. मला वाटलं होतं थोडी तरी ओढाताण होईल. झाली नाही. दुपारपर्यंत दोन्ही काढलं. नोकरी अजून आहे. पुढचं माहीत नाही.

आईला वाईट वाटलं. पुस्तिकेवर नाव येणार हे तिने गल्लीत सांगून ठेवलं होतं. म्हणाली, "काऊन काढलं?" मी म्हणालो, तू पाणी पीत नाहीस हे लिहिलं म्हणून. ती म्हणाली, "खरं हाये ते. दुसरीकडी लिही मंग."

तसं लिहिलं आहे. सगळं काम मी पुन्हा मांडलं आणि टाइप करून घेतलं. तुमच्या अहवालाची उणीव पाचव्या पानावर ठळक आहे. तुमच्या वेळी ज्यांना विचारलं गेलं नव्हतं अशा दुसऱ्या मुकादमाच्या बायांकडे मी आणि आई मिळून गेलो होतो, त्यांचं म्हणणं शेवटी जोडलं आहे. ते वेगळं निघालं असतं तर तेही लिहिलं असतं. निघालं नाही. कुणाच्या पैशाने केलं या प्रश्नापुढे 'कुणाच्याही नाही' असं लिहिलं आहे, आणि पहिल्या पानावर माझ्या नावाखाली 'अप्रकाशित'.

एक प्रत समाजकार्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दिली, एक ग्रामीण रुग्णालयात, एक आमच्या ग्रामपंचायतीत, एक तुमच्या खोलीसाठी सोबत आहे. दोन्ही मुकादमांनाही वाचून दाखवली. एकजण चिडला. दुसरा म्हणाला, बांधावर आडोशाला ताडपत्री लावून बघू.

आणि एक प्रत अध्यक्ष सरांना पाठवली आहे, पोस्टाने. पोचपावती आली की कळवतो.

आपला,
प्रल्हाद