घरचा आकडा

माझ्या आत्याला कुणाच्या घरी न्यायची सोय नाही. यजमान पाणी आणायला आत वळले की ही बाई उठणार, ज्या खुर्चीवर बसली होती तीच उलटी करणार आणि खालून निरखणार. "वरून सगळेच गोजिरे दिसतात," असं तिचं म्हणणं. कुठल्या दाराची मूठ हातात नीट बसत नाही, कुठला ड्रॉवर अडकतो, हे ती तोंडावर सांगते आणि माना आम्ही खाली घालतो. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, बघायला आलेल्या तिघांच्याही घरची टेबलं डुगडुगत होती.

आजोबांनी उभं केलेलं फर्निचरचं वर्कशॉप आत्या आणि माझे बाबा मिळून चालवतात. मध्ये एक काचेची भिंत आहे. अलीकडे आत्याचं ड्रॉइंगचं टेबल, पलीकडे बाबांचा रंधा, करवती आणि भुसा. आत्या काढते, बाबा बनवतात. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे.

आजोबांनी एक पद्धत घालून दिली होती. आमच्या वर्कशॉपच्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये एक माप मुद्दाम चुकीचं लिहायचं. कागद चोरीला गेला तरी वस्तू चोरीला जाता कामा नये, म्हणून. खरं माप कागदावर कुठेच नसतं. लाकूड कापायच्या दिवशी आत्या काचेच्या पलीकडे जाते आणि बाबांच्या कानात सांगते. याला आमच्याकडे घरचा आकडा म्हणतात. मलासुद्धा आजवर एक सोडून दुसरा घरचा आकडा कळलेला नाही, आणि मी पोटची पोर.

सव्वीस वर्षांपूर्वी आत्याच्या हाताखाली एक ड्राफ्ट्समन आला. गळ्यात कायम रेशमी रुमाल, म्हणून आम्ही त्याला रुमाल्या म्हणायचो. आठ महिने राहिला, गोड बोलला, आणि एके दिवशी आत्याच्या सगळ्यात लाडक्या खुर्चीचं ड्रॉइंग घेऊन पसार झाला. दोन वर्षांनी तीच खुर्ची एका परदेशी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. खाली नाव रुमाल्याचं.

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवस ती जेवली नाही. पाचव्या दिवशी बाबांनीच तिची समजूत घातली. म्हणाले, "अगं छोटे, आकडा तर त्याच्याकडे चुकीचाच आहे. बसेल तो घसरेल!"

आणि ते खरंच होतं. त्या खुर्चीची बैठक मागच्या बाजूला जमिनीपासून चारशे पाच मिलिमीटर हवी. कागदावर आत्याने चारशे तीस लिहिलं होतं. एवढ्याशा फरकाने माणूस बसल्याबसल्या इंचाइंचाने पुढे सरकतो, पाठ सुटते, आणि दहा मिनिटांत अवघडून उठतो. फोटोत हे कळत नाही. तेव्हापासून आमच्या घरात तो विनोदच झाला. कुणी सोफ्यावर पसरलं की बाबा म्हणायचे, "रुमाल्याच्या खुर्चीवर बसलायस का?" आत्या खदखदून हसायची. त्या हसण्यावर तिने बावीस वर्षं काढली.

गेल्या वर्षी मी फोनवर बातमी वाचली. समुद्रकाठच्या एका शहरात डिझाईनचं मोठं म्युझियम आहे, तिथे त्या खुर्चीचा सन्मान होणार होता आणि रुमाल्याची जाहीर मुलाखत. आत्याने चष्मा पुसला. "त्याला कशावर बसवणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, त्याच्याच खुर्चीवर, अजून कशावर. आत्या उठली आणि पासपोर्ट शोधायला लागली.

बाबांनी जमेल तेवढा खोडा घातला. गुडघे दुखतील, हवा मानवणार नाही, या वयात कशाला जुनी मढी उकरायची. मला वाटलं, भावाची माया. शेवटी भाषा येते म्हणून मला सोबत धाडलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याच्याशी फार बोलू देऊ नकोस तिला." तेही मला मायाच वाटलं. माझ्यासारखी बावळट शोधून सापडायची नाही.

तीन दिवसांची सहल. पहिला दिवस आत्याने नुसतं शहर चाचपलं. समुद्रकाठच्या रस्त्यावर ओळीने बाकं होती. त्यातल्या अकरा बाकांवर ती बसून आली, आणि बारावं एका म्हाताऱ्या जोडप्याने अडवलं म्हणून त्यांच्यावर चिडली. कठड्याच्या लोखंडी दांड्याला खालून गंज होता आणि वरून लोकांच्या तळव्यांनी चकाकी आली होती. तिने तिथे हात फिरवला आणि बराच वेळ काढला नाही. हॉटेलची खोली एवढीशी, पण दारामागे दोन आकडे होते, एक उंचावर कोटासाठी आणि एक कमरेपाशी पिशवीसाठी. "कुणीतरी विचार केलाय गं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, राग निवळला.

कसला निवळतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशासमोर उभी राहून वाक्य घोकत होती: "उठलास का रे? बस की. तुझीच आहे ना खुर्ची?" कधी सावकाश, कधी एकदम, कधी 'रे' गाळून. बावीस वर्षं घोटलेलं वाक्य होतं ते. मीही तिला साथ दिली. खोटं कशाला बोलू, मलाही त्याची फजिती बघायची होती. लहानपणी तो मला "चिमणे" म्हणायचा आणि मी त्याच्यासाठी पेन्सिलींना टोकं करून द्यायचे. माझाही हिशेब बाकी होता.

दुपारी चारला मुलाखत. आम्ही तिसऱ्या रांगेत. मंचावर त्याच घडणीच्या दोन खुर्च्या. रुमाल्या आला, केस पांढरे झालेले, रुमाल तोच. बसला. आत्याने घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

पाच मिनिटं झाली. तो वहाणांपासून प्रेरणेपर्यंत कशावर तरी बोलत होता, मी भाषांतर करून सांगत होते, आत्याचं लक्ष फक्त त्याच्या पाठीकडे. दहा मिनिटं झाली. पाठ टेकलेलीच. पंधरा. पायावर पाय टाकून तो असा रेलला होता की बघणाऱ्याला झोप यावी. चाळीस मिनिटं तो माणूस तसूभर हलला नाही. तिच्या खुर्चीने त्याला आईसारखं मांडीवर घेतलं होतं.

टाळ्या झाल्या. लोक पांगले, तशी आत्या मंचावर चढली आणि कुणी अडवायच्या आत तिने खुर्ची उलटी केली. पर्समधून टेप काढला. मी वाकून बघितलं. चारशे पाच.

"त्याने स्वतः शोधून काढलं असेल," मी म्हटलं.

"त्याने?" आत्या म्हणाली. "त्याला पेन्सिल धरायला मी शिकवलं."

तेवढ्यात रुमाल्या मागून आला. आत्याला ओळखलं आणि चक्क वाकून नमस्कार केला. निर्लज्जपणाचीही कमाल असते. "ताई! तुम्ही! किती बरं वाटलं. दादा कसे आहेत? त्यांनी सांगितलं नसतं, तर ही खुर्ची आयुष्यात बसण्यासारखी झाली नसती. पहिली तर त्यांनीच करून दिली, एका रविवारी, तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा. काही घेतलं नाही हो माझ्याकडून. एवढंच म्हणाले, सगळे विचारतात काढली कुणी, केली कुणी ते कुणी विचारत नाही."

ते दादा म्हणजे माझे बाबा. पाचव्या दिवशी आत्याला घास भरवणारे, बावीस वर्षं तिच्याबरोबर हसणारे.

आत्याचा चेहरा मात्र हलला नाही. घोकलेलं वाक्य तिने काढलंच नाही. खुर्ची सरळ केली, बैठकीवरून एकदा हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "छान झालीय. फक्त दुसरा आकडा तेवढा राहिलाय."

"दुसरा?"

"या एका ड्रॉइंगमध्ये मी दोन चुकीचे घातले होते. लाडकी होती ना. दुसरा दादालाही ठाऊक नाही."

रुमाल्या हसायला गेला आणि मध्येच थांबला. खुर्चीकडे बघायला लागला. पाय, हात, पाठ, पुन्हा पाय. "कुठला, ताई? ताई, कुठला?" आम्ही दारापर्यंत आलो तरी तो उकिडवा बसून खुर्चीखाली बघत होता, आणि रुमाल जमिनीला लागला होता.

ट्राममध्ये मी विचारलं, "खरंच आहे का दुसरा?"

"शोधू दे ना," आत्या म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून रडली. आवाज न करता, टेप मुठीत घट्ट धरून. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने झटकला. मी बाबांचीच मुलगी होते ना.

तिसऱ्या दिवशी घरी परतलो. बाबा दारातच उभे होते. हसून विचारलं, "काय मग? घसरला का?"

"घसरला की," आत्या त्यांच्या डोळ्यात बघत म्हणाली. "दहा मिनिटांत. तू म्हणाला होतास अगदी तसा."

बाबांचं हसू तोंडावरच राहिलं. रुमाल्या घसरूच शकत नाही, हे जगात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण तसं म्हणायची सोय नव्हती. "बरं झालं," ते म्हणाले आणि आमच्या बॅगा आत नेऊ लागले.

सोमवारी आत्याने नवीन ड्रॉइंग दिलं. मुलांच्या वाचनालयासाठी खुर्ची, बत्तीस नग. बाबांनी लाकूड निवडलं, फळी टेबलावर चढवली आणि नेहमीसारखी काचेवर टकटक केली. आत्या गेली नाही. ते स्वतः अलीकडे आले, कान पुढे केला.

"घरचा आकडा?"

"नाही," आत्या मान वर न करता म्हणाली. "आता कागदावर आहे तेच खरं. तसंच काप."

"एकही चुकीचा नाही?"

"तुला काय वाटतं, दादा?"

बाबा काचेपलीकडे गेले. पेन्सिल घेऊन फळीवर वाकले. खूण केली, पुसली, पुन्हा केली. प्रत्येक मापापाशी थांबत होते. चाळीस वर्षं डोळे मिटून करवत चालवणारा माणूस दुपारपर्यंत एक पाय कापू शकला नाही. जेवायच्या सुट्टीत मला हळूच विचारलं, "तिकडे काही बोलणं झालं का गं त्याच्याशी?"

पेन्सिल अजून त्यांच्या हातातच होती. कबुलीचा एक शब्द बोलले असते तरी सुटले असते.

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. "नुसता नमस्कार झाला."