गोणीतल्या साड्या

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. शिरूरच्या कॉलेजातल्या सरांनी हात दिला नसता, तर आज मी शाळेत शिकवत नसते. हे मी कुणालाही सांगते. म्हणून सरांचा फोन आला, "टीव्हीवर एक हलकीफुलकी मालिका येतेय, गावाकडची. तुमची वस्ती दाखव त्यांना," तेव्हा मी लगेच हो म्हणाले.

वडगाव रासाईतल्या आमच्या विहारापुढचं अंगण त्यांना पसंत पडलं. प्रसंग साधा होता. नोकरी लागलेला पोरगा गावी येतो आणि वस्तीतल्या बाया त्याची चेष्टा करतात. माझ्या आईला त्यात एक वाक्य बोलायला मिळालं होतं. भाकरी थापतानाही तिचं तेच चालायचं.

शूटिंगच्या सकाळी सगळ्या जणी जयंतीला निघतात तशा आल्या. पांढऱ्या, इस्त्री केलेल्या साड्या, चापूनचोपून विंचरलेले केस. चारचौघांत जायचं तर असंच जायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

कपडे सांभाळणाऱ्या बाईंनी टेम्पोतली गोणी ओट्यावर उपडी केली. विटलेल्या, फाटक्या साड्या होत्या.

"मावशी, या नेसा. तुमच्या फार स्वच्छ आहेत. गावातल्या वाटत नाही तुम्ही."

आईनं एक साडी चिमटीत धरली. "आन् आम्ही कुठल्या वाटतो? लंडनच्या?"

"तसं नाही हो. कॉमेडी आहे ना."

"मंग लोकान्ला हसू याया फाटकंच लागतं व्हय?" शेजारची मामी म्हणाली.

माझं डोकं तापलं. माझी आजी जन्मभर दुसऱ्यांनी टाकलेलं नेसली. आईनं मजुरी करून अंगावर कोरं कापड आणलं. आणि हे लोक तेच जुनं पुन्हा गोणीत भरून आमच्या दारात घेऊन आले होते, वर म्हणत होते, कॉमेडी आहे.

मी दिग्दर्शकाला सांगितलं, "बाया आहेत त्याच कपड्यांत दिसतील, नाहीतर दिसणार नाहीत." त्यानं वाद घातला नाही. सरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे," सर म्हणाले. "कपड्यांचं काय एवढं? माझा शब्द गेलाय."

"सर, तुमच्या आईंना नेसायला सांगाल ही साडी?"

सरांनी फोन बंद केला.

टेम्पो गेला. मामी म्हणाली, "मी नेसले असते बाई, टीव्हीवर तरी आले असते." आई तिच्यावर अशी खेकसली, की दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत.

तो प्रसंग त्यांनी दुसऱ्या गावात उरकला. शाळेत सहकारी विचारतात, "बघता का हो? अगदी आपलं गाव दाखवलंय." मी सरळ सांगते, ते आमचं नाही.

सरांचा नंतर फोन नाही. मीही केलेला नाही. ज्या माणसाचे उपकार मी रोज आठवते, त्याच्याशी माझं बोलणं त्या गोणीनं तोडलं. याचा राग अजून जात नाही.